कानटोपी ते विंडचीटर

जळगावची थंडी सकाळपुरती असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली उतरतो आणि दुपारी 28-30 पर्यंत चढतो. मेहरूण तलावाकाठून शिरसोली रस्त्याला सायकल काढणाऱ्याचे निघताना दात वाजतात आणि परतताना पाठ घामाने भिजते. गेल्या चाळीसेक वर्षांत इथल्या सायकलवाल्यांचे हिवाळी कपडे पार बदलले, पण कोडं तेच राहिलं: पहाटे जे हवं, ते नऊ वाजता नको असतं.

ऐंशीच्या दशकात सायकल ही कामाची वस्तू होती. दूधवाले, पेपर टाकणारी मुलं, पहिल्या पाळीचे कामगार अंधारातच बाहेर पडत. अंगात बंडी, वर शर्ट, त्यावर घरी विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, डोक्याला कानटोपी किंवा कानांवरून घट्ट गुंडाळलेला मफलर. घोंगडी उबदार खरी, पण सायकलवर तिचं टोक चाकात जायची भीती. हातमोजे कुणाकडेच नसत; एक हात खिशात, दुसरा हँडलवर, मग अदलाबदल. पेपरवाली मुलं जुन्या वर्तमानपत्राची घडी छातीशी धरून त्यावर शर्टाची बटणं लावत. टूर द फ्रान्सचे शर्यतपटूही घाटमाथ्यावरून उतरण्याआधी जर्सीत वर्तमानपत्र खुपसत, हे पुष्कळ वर्षांनी वाचलं तेव्हा या मुलांविषयीचा आदर दुणावला.

कारण थंडीत सायकलवाल्याला खरा छळतो तो वारा, आणि तो त्याच्याच वेगातून येतो. पॉल सायपल आणि चार्ल्स पासेल या संशोधकांनी 1941 साली अंटार्क्टिकात पाणी गोठायला लागणारा वेळ मोजून वाऱ्याचा आणि थंडीचा संबंध मांडला. आज वापरात असलेल्या सुधारित सूत्राने पाहिलं, तर 10 अंश तापमानात अंगावर ताशी 20 किलोमीटरचा वारा आला की उघड्या कातडीला साधारण 7 अंशांचा गारठा जाणवतो. केळी पिकवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. थंडीने केळीला चरका बसू नये म्हणून तो बागेभोवती शेवरीचं दाट कुंपण करतो, घडांवर स्कर्टिंग बॅग चढवतो. सायकलवाल्याच्या छातीलाही आधी असंच कुंपण लागतं; जाडी नंतर.

नव्वदच्या दशकात हिवाळा लागला की तिबेटी विक्रेत्यांकडचे रंगीत स्वेटर आणि जर्किन घरोघरी आले. ते छान उबदार होते, पण मोटरसायकलही त्याच सुमारास घरोघरी आली आणि कामाची सायकल मागे पडत गेली. ती परतली 2010 नंतर, व्यायामासाठी आणि हौसेसाठी. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली आणि उत्तर महाराष्ट्रातल्या सायकलवाल्यांना मोठा हुरूप आला. त्या शर्यतीत वाळवंटातलं ऊनही असतं आणि रॉकी पर्वतातला कडाकाही. अंगावर काय ठेवायचं आणि कुठे उतरवायचं, ही चर्चा मग आपल्याकडेही सुरू झाली.

त्यातून सगळ्यात मोठा बदल झाला तो कातडीलगतच्या कपड्यात. आपला जिल्हा कपाशीचा, सुती बंडीवर आपला जीव. पण सूत घाम पिऊन घेतं आणि लवकर वाळत नाही. उतारावर तीच ओली बंडी अंग गारठवते. आत घाम बाहेर सोडणारा पातळ कृत्रिम धाग्याचा किंवा बारीक लोकरीचा बनियन, त्यावर जर्सी, सर्वांत वर वारा अडवणारं पातळ विंडचीटर: एवढं पुरतं. नेमके कपडे किती फरक पाडतात, ते शर्यतीतही दिसलं: 5 जून 1988 रोजी इटलीच्या गाविया घाटात बर्फ पडत असताना सायकलपटू अँडी हॅम्पस्टेन तग धरू शकला आणि पुढे ‘जिरो’ ही इटलीची शर्यत जिंकला. त्याच्या संघाने तिथल्या दुकानांतून स्कीइंगचे हातमोजे आणि गरम कपडे वेळीच गोळा केले होते, हे त्यामागचं एक मोठं कारण.

तरीही बर्फातले कपडे खानदेशात आणू नयेत, असं माझं ठाम मत आहे. महागडं अस्तराचं जाकीट घालून आसोद्याला भरीत खायला निघालेला माणूस दहा वाजता ते कमरेला बांधून दमलेला दिसतो. आपल्यासाठी सुट्या बाह्या सगळ्यात उत्तम. चालत्या सायकलवर खाली सरकवता येतात, जर्सीच्या मागच्या खिशात मावतात, आणि त्याच खिशात परतताना मेहरूणची बोरंही राहतात. बोटं, कान आणि छाती झाकली की पायांची फार चिंता नको. ते फिरत राहून स्वतःला ऊब देतात. गुडघे मात्र पहाटे झाकलेलेच बरे.

आता उणीव आहे ती शाळकरी मुलांच्या कपड्यांत. 2024 मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितले. त्यापुढची मुलं-मुली मात्र सकाळच्या शाळेला सायकलवर अंधारातच निघतात. अंगात गणवेशाचा व्ही गळ्याचा स्वेटर, गळा उघडा, बोटं उघडी, आणि विणीच्या भोकांतून वारा थेट आत. शाळांनी गणवेशात पातळ विंडचीटर आणि हातमोज्यांना परवानगी द्यावी. स्वेटरपेक्षा त्यांना खर्च जास्त येत नाही, आणि दप्तराच्या एका कप्प्यात दोन्ही मावतात.