जुन्या कारचा पिकअप गेला? इंजिन खोलण्याआधी हे तपासा

उलवे : अटल सेतूवर कारला ताशी १०० किमीपर्यंत वेगाची मुभा आहे. पण शिवाजीनगरहून सेतूवर चढतानाच दहा-बारा वर्षांची पेट्रोल कार ओढेनाशी झाली तर? गॅरेजमध्ये ‘इंजिनकाम निघालं’ हे ऐकण्याआधी स्वस्तातल्या तपासण्या उरकून घ्या.

दोष इंजिनातच आहे का?
ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढतो, पण वेग वाढत नाही? मग संशय क्लचप्लेटवर. गाडी थांबवल्यावर एकच चाक जास्त तापलेलं जाणवलं, तर ब्रेक जाम असू शकतो. टायरमधली हवाही पाहा.

हवा, ठिणगी, इंधन
इंजिनाला या तीन गोष्टी लागतात. उलव्यात बांधकामांची धूळ भरपूर, त्यामुळे एअर फिल्टर मॅन्युअलमधल्या किलोमीटरआधीच चोंदू शकतो. स्पार्क प्लगवर कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमजोर आहे. सावकाश ठीक चालणारी गाडी जोर लावताच दम टाकत असेल, तर फ्युएल पंपाचं प्रेशर मोजून घ्या.

‘चेक इंजिन’ लाइट लागला तर?
स्कॅनर लावून कोड वाचता येतो. मात्र कोड म्हणजे निदान नव्हे. ‘पी०३०१’ एवढंच सांगतो, की पहिला सिलिंडर मिसिंग मारतोय. दोष प्लग, कॉइल, इंजेक्टर यांपैकी कशातही असू शकतो. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर पहिली आणि दुसरी अदलाबदल करा. कोड ‘पी०३०२’ झाला, तर कॉइलच खराब. लाइट लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. त्याचा खर्च प्लगच्या कित्येक पट.

ई-२० मुळे झालं का?
इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटणं स्वाभाविक. पण अचानक पिकअप जाणं किंवा मिसिंग, याचं खापर केवळ इंधनावर फोडू नका.

इंजिनकाम खरंच कधी?
सायलेन्सरमधून सतत निळा धूर येणं म्हणजे ऑइल जळतंय. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला, तर रिंग किंवा व्हॉल्व्ह झिजल्याची शक्यता मोठी. म्हणून इंजिन खोलायला होकार देण्याआधी मेकॅनिककडून चारही सिलिंडरचे आकडे मागा.