आडनावाचे भाषांतर : अमेरिकेतील पोर्तुगीज स्थलांतरितांचा पूर्वजशोध आणि साहित्याभ्यास

काही वर्षांपूर्वी स्थलांतरितांच्या साहित्यावरील एका चर्चासत्रासाठी अमेरिकेतील पोर्तुगीज वंशाच्या कादंबरीकारांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले होते. मी सोपा मार्ग धरला. ग्रंथसूचीतील आडनावे पाहत गेलो आणि सिल्वा, परेरा, कार्व्हालो अशी नावे वेगळी काढली. यादी पूर्ण झाली असे वाटल्यानंतर ध्यानात आले, की तीत आल्फ्रेड लुईस नाही. अझोर्स द्वीपसमूहातील फ्लोरेस बेटावर १९०२ साली जन्मलेला, १९२२ मध्ये कॅलिफोर्नियात गेलेला हा लेखक मुळात आल्फ्रेदो लुईश होता. १९५१ साली प्रसिद्ध झालेली त्याची 'होम इज ॲन आयलंड' ही इंग्रजी कादंबरी अझोर्समधील बालपणाची कथा सांगते. नावाच्या एका अक्षराचा उच्चार आणि वर्णलेखन बदलले, एवढ्यावरून तो माझ्या यादीबाहेर राहिला होता. चूक माझ्या पद्धतीची होती. पण ही पद्धत माझ्या एकट्याची नाही, म्हणून तिचा विचार येथे करावयाचा आहे.

आडनावाचे आंग्लीकरण कसे झाले, याविषयी अमेरिकेतील बहुतेक कुटुंबांत एकच कथा ऐकू येते : न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील अधिकाऱ्याला नाव समजले नाही आणि त्याने भलतेच लिहून टाकले. १९७४ सालच्या 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागात एका इटालियन मुलाच्या बाबतीत हेच घडते, आणि त्यामुळे ही कथा जगभर पोहोचली. इतिहासात तिला फारसा आधार नाही. बेटावरील अधिकारी नव्याने नावे लिहीत नसत. निघण्याच्या बंदरात जहाज कंपनीने तयार केलेली प्रवाशांची यादी त्यांच्यासमोर असे व तिच्याशी ते उत्तरे ताडून पाहत. शिवाय हे ठाणे १८९२ साली सुरू झाले, आणि अझोर्सचे लोक त्याच्या कितीतरी आधीपासून देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवरून येत होते. त्यांची बंदरे मुख्यतः न्यू बेडफर्ड, बॉस्टन आणि पुढे प्रॉव्हिडन्स ही होती. कुटुंबकथा म्हणून या आख्यायिकेला मोल आहेच. बदलाची जबाबदारी ती एका अनोळखी अधिकाऱ्यावर टाकते आणि आजोबांना तीतून मोकळे करते. परंतु वंशशोधकाने तिला पुरावा मानले, की तो चुकीच्या दफ्तरात जाऊन बसतो.

प्रत्यक्षात नावे सावकाश आणि अनेक ठिकाणी बदलली. जहाजाच्या खलाशांची यादी करणारा कारकून, कापडगिरणीतील हजेरीपट, शाळामास्तर, घरमालक, आणि पुष्कळदा स्वतः स्थलांतरित, असे अनेकजण त्यात सहभागी होते. १९०६ च्या कायद्यानुसार नागरिकत्व घेतानाच न्यायालयाकडून नाव बदलून घेण्याची सोयही होती. या बदलाच्या रीती भाषांतराच्या अभ्यासकाला ओळखीच्या वाटतील. कोठे ध्वनी राखला गेला : परेराचा पेरी झाला, रॉड्रिग्जचा रॉजर्स. कोठे अर्थ राखला गेला : 'राजे' या अर्थाच्या रेइशचा किंग, मादेराचा वुड. सिल्वाचे सिल्व्हिया किंवा सिल्व्हर झाले, ज्यात ध्वनी पूर्णपणे राखला गेला नाही. फरेराचा स्मिथ होणे तर ऐकीव व्युत्पत्तीवर आधारलेले आहे. लोखंडाशी त्या नावाचा संबंध आहे खरा, पण लोहाराला पोर्तुगीजमध्ये शब्द वेगळा आहे.

यातील पेरीची गंमत वेगळीच आहे. परेरा म्हणजे नाशपातीचे झाड, आणि पेरी हे इंग्लंडातील जुने आडनावही प्राचीन इंग्रजीतील त्याच झाडाच्या नावावरून आले आहे. उच्चार जुळला म्हणून निवडलेले नाव अर्थानेही जुळले, आणि ते निवडणाऱ्यांना याची कल्पना असण्याची शक्यता फारच थोडी.

तथापि आंग्लीकरण ही शोधातील अर्धीच अडचण आहे. उरलेली अडचण पोर्तुगीज नामपद्धतीतच आहे, आणि ती अधिक गहन आहे. आपण नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाला सरावलेले असतो, त्यामुळे आडनाव पिढ्यांमधून सरळ खाली उतरते असे गृहीत धरतो. एकोणिसाव्या शतकातील अझोर्सच्या खेड्यांत तसे नव्हते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचे केवळ पहिले नाव लिहिले जाई : मनुएल, जोझे, मारिया. आडनाव तो मोठेपणी धारण करी. ते वडिलांचे असे, आईचे असे, आजीचे असे, कधी धर्मपित्याचे, तर कधी गावाने ठेवलेले टोपणनावच आडनाव होऊन बसे. सख्ख्या तीन भावांची आडनावे तीन असणे अपवादात्मक नव्हते. ते तिघे अमेरिकेत गेले, की एक पेरी, एक किंग आणि एक सिल्व्हिया होई, आणि नातवंडांना एकमेकांचा पत्ता उरत नसे.

स्त्रियांच्या बाबतीत हे अधिकच जाणवते. मुलींना पुष्कळदा कुळाचे नाव मिळतच नसे. मारिया द जेझुश, रोझा द कोन्सेसांव अशी भक्तीची नावे त्यांना असत, आणि विवाहानंतर पतीचे आडनाव घेण्याची रूढी त्या बेटांवर नव्हती. इंग्रजी कागदावर 'जेझुश' हे आडनाव म्हणून लिहायला कोणाचाच हात धजावत नसे. मग ती मेरी पेरी होई. ज्या नावाने ती गावात ओळखली जात होती ते पुसले जाई आणि जे नाव तिचे कधीच नव्हते ते तिच्या थडग्यावर येई. वंशवृक्षांतील मातृशाखा एकदोन पिढ्यांतच का तुटतात, याचे उत्तर बहुतांशी येथे आहे.

मग शोध कसा घ्यावा? समजा, न्यू बेडफर्डमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी मरण पावलेला एक मॅन्युएल पेरी आहे. त्याच्या नावामागे धावण्यात अर्थ नाही, कारण या नावाची माणसे त्या शहरात पुष्कळ होती. धरायचे ते त्याच्या मुलांना. नगरपालिकेच्या जन्मनोंदीत पिता पेरी असेल. परंतु मुलांचा बाप्तिस्मा १८७१ साली स्थापन झालेल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट या पोर्तुगीज धर्मग्रामात झाला असेल, तर तेथील धर्मगुरू पोर्तुगीज रूपे लिहीत. तेथे परेरा भेटतो, आईचे मूळ नाव भेटते, आणि दैव अनुकूल असेल तर बेट व गावही. १९०६ नंतर नागरिकत्व घेतले असल्यास अर्जात जन्मस्थळ, जहाज व आगमनाची तारीख असते. गाव हाती आले, की निम्मे काम झाले.

यानंतर अझोर्समधील धर्मग्रामांच्या नोंदवह्या. त्यांतील बराच भाग आता संगणकावर पाहता येतो. तेथे परेरा शोधायचा नसतो, तर जोझे आणि मारिया द जेझुश यांचा मुलगा मनुएल शोधायचा असतो. विशेषतः १८६० नंतरच्या नोंदींत दोन्हीकडचे आजीआजोबा आणि धर्ममातापिता यांची नावे येतात, त्यामुळे एकच नोंद तीन पिढ्या उलगडते. धर्मपित्यांकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष होते. वास्तविक तेच पुष्कळदा काका-मामा असतात आणि तुटलेला दुवा सांधतात. पारपत्रांच्या नोंदी मात्र सर्वांच्या मिळत नाहीत. सक्तीची लष्करभरती चुकवण्यासाठी अनेक तरुण रात्री गुपचूप जहाजावर चढत. अशा माणसाला नवे नाव अडचणीचे नव्हते, सोयीचे होते. पूर्वजाने नाव 'गमावले' असे म्हणण्यापूर्वी ही शक्यता तपासून पाहावी.

येथे मराठी वाचकाच्या मनात वसई आणि गोवा येणे स्वाभाविक आहे. परेरा, फरेरा, डिसोजा ही नावे आपल्या शेजारची आहेत. पण साम्य येथेच थांबते. १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीज सत्तेखाली असलेल्या वसईत आणि गोव्यात ही आडनावे धर्मांतराच्या वेळी, बहुधा धर्मपित्याकडून वा धर्मगुरूकडून मिळाली. अमेरिकेतील पेरीच्या खाली परेरा सापडतो. वसईच्या परेराखाली सापडते ते दुसरेच नाव, दुसरीच जात, दुसरीच भाषा. त्यामुळे अमेरिकेतील एखादा परेरा अझोर्सचा की गोव्याचा, हे आडनाव सांगत नाही. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना आडनावावरून पोर्तुगीज ठरवणारी यादी आणि आल्फ्रेड लुईसला वगळणारी माझी यादी, या दोहोंतील दोष एकच आहे.

साहित्यात याचे पडसाद निरनिराळ्या तऱ्हांनी उमटतात. जॉन दोस पासोसचे आजोबा मादेरा बेटावरून आले होते. नाव टिकले, पण लेखकाच्या बालपणी नव्हे. आईवडिलांचा विवाह झालेला नसल्याने १८९६ साली जन्मलेला हा मुलगा प्रथम मॅडिसन या आडनावाने वाढला आणि पोर्तुगीज आडनाव त्याने नंतर धारण केले. १९६९ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने पोर्तुगालच्या सागरी इतिहासावर ग्रंथ लिहिला. फ्रँक गास्पारच्या 'लीव्हिंग पिको' या १९९९ सालच्या कादंबरीत तर आजोबा नातवाला खलाशी पूर्वजाची सफर टप्प्याटप्प्याने रचून सांगतात. नोंदवही नसलेल्या माणसाचा तो वंशवृक्षच होय. अशा कथनाला अप्रमाण ठरवण्याची घाई इतिहासकाराने केली तर समजू शकते, आपण ती करू नये.

राहता राहिली ग्रंथसूची. अमेरिकेतील ग्रंथालये दोस पासोसची नोंद 'द' अक्षराखाली करतात. पोर्तुगीज रीतीने ती 'प'खाली जायला हवी, कारण 'दोस' हा केवळ षष्ठीचा प्रत्यय आहे. माझी यादी मी पुढे पुन्हा केली ती जन्मस्थळ आणि आईचे नाव पाहून. तिला पूर्वीच्या यादीपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागला, आणि काही नावांपुढे प्रश्नचिन्ह तसेच ठेवावे लागले.