मॅगझीनमध्ये गोळ्या किती? आपला कायदा विचारतो ते वेगळेच

अमेरिकेतला कुणी गृहस्थ रायफलचे मॅगझीन खोलतो, आत अडसर बसवतो आणि आता यात दहाच गोळ्या मावतात, असे कॅमेऱ्याला दाखवतो. कारण कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये मर्यादा 10 काडतुसांची, कोलोरॅडोत 15 ची. तिथे राज्य बदलले की आकडा बदलतो. असले व्हिडिओ आता जिंतूर-गंगाखेडच्या पोरांच्या मोबाइलवरही येतात आणि पारावरच्या ऐकीव माहितीत त्यांची भर पडते. परभणी जिल्ह्यात बंदूक बाळगणाऱ्याला, किंवा बाळगू पाहणाऱ्याला, लागू काय होते ते बघू.

गैरसमज : महाराष्ट्र सरकारनेही मॅगझीनवर मर्यादा घातलेली असणार.

वस्तुस्थिती : शस्त्रे आणि दारूगोळा हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत आहे. त्यामुळे परभणीला जो कायदा, तोच पाटण्याला : शस्त्र अधिनियम 1959 आणि त्याखालचे 2016 चे नियम. त्यात नागरिकाच्या मॅगझीनसाठी गोळ्यांचा आकडाच नाही. लगाम आधीच लावला आहे, तो हत्याराच्या प्रकारावर. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, असे हत्यार निषिद्ध. सेमी-ऑटोमॅटिक रायफलचा विषय जिल्ह्यात नव्हे, केंद्रीय गृहमंत्रालयात. .303 ला लष्करी काडतूस चालते, म्हणून तीही सामान्य परवान्यात बसत नाही, नागरिकांसाठी .315 ची बोल्ट-रायफल निघाली ती त्यामुळेच. खेड्यात बहुधा दिसते ती 12 बोअरची एकनळी किंवा दुनळी. तिला मॅगझीनच नसते. जेवढ्या नळ्या, तेवढीच काडतुसे. बाकी हिशेब परवान्याच्या पुस्तकात असतो : एका वेळी किती काडतुसे जवळ ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची, याचे रकाने त्यात भरलेले असतात.

गैरसमज : मॅगझीन म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. वेल्डिंगवाल्याकडून काही करून घेतले तर बिघडते काय?

वस्तुस्थिती : कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही बंदुकीतच मोडतात. बंदूक बनवणे, तिच्यात बदल करणे, एवढेच काय, दुरुस्त करणे, यालाही वेगळा परवाना लागतो. तो असलेल्या कारागिराकडेच हत्यार न्यायचे. नळी कापून आखूड करणे किंवा नकली पिस्तुलाचे खरे बनवणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यांना किमान 7 वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे.

गैरसमज : एका परवान्यावर तीन हत्यारे ठेवता येतात.

वस्तुस्थिती : येत होती. 14 डिसेंबर 2019 पासून मर्यादा दोनची झाली. नेमबाजीच्या खेळाडूंना वेगळी सवलत आहे, वाडवडिलांच्या हत्याराला मात्र नाही; तेही दोनातच धरायचे. परवान्याची मुदत त्याच दुरुस्तीने 3 वर्षांवरून 5 वर्षांवर गेली.

गैरसमज : आजोबांची ठासणीची बंदूक निजामाच्या काळातली आहे, तिला कुठला परवाना?

वस्तुस्थिती : 1948 पर्यंत परभणी हैदराबाद संस्थानात होती, म्हणून जुन्या वाड्यांत अशा बंदुका निघतात. पण जुनेपणावर सूट मिळत नाही. हत्यार कालबाह्य वा मोडके असून दुरुस्ती करूनही बार उडणार नसेल, तरच ते कायद्यातून सुटते. परवानाधारक वारला तर बंदूक कपाटात ठेवू नये. पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून वारसाने आपल्या नावे अर्ज करावा.

गैरसमज : बंदुकीचा परवाना आहे, म्हणजे पिकात घुसलेले रानडुक्कर मारता येते.

वस्तुस्थिती : बंदुकीचा परवाना जिल्हाधिकारी देतात, प्राणी मारण्याची परवानगी वनखाते. एकावर दुसरे चालत नाही. काळवीट तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मधले. हातात परवान्याची बंदूक होती, एवढ्याने शिकारीचा गुन्हा टळत नाही.

गैरसमज : वरातीत हवेत एखादा बार काढला तर कुणाचे काय जाते?

वस्तुस्थिती : आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराने कुणाच्या जिवाला धोका झाला, तर 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गोळी कुणाला लागलीच पाहिजे, असे नाही. शिवाय परवाना जाऊ शकतो तो वेगळाच. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून फोटो टाकणाऱ्यांवर पोलिस ‘4/25’ लावतात, तो आकडा याच कायद्याच्या कलमांचा.

गैरसमज : बंदूक हा हक्क आहे, आणि एकदा अर्ज फेटाळला की विषय संपला.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या घटनेत नाही, याची आठवण सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये करून दिली. गरज अर्जदाराने पटवून द्यायची, पोलिसांनी चौकशी करायची, निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा. पण नकाराची कारणे सहसा लेखी द्यावी लागतात आणि त्याविरुद्ध 30 दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते.

घरात बंदूक असेल तर आजच परवान्याचे पुस्तक काढा. मुदत कधी संपते, पुस्तकावर युनिक आयडी क्रमांक आहे का, काडतुसांच्या रकान्यात काय लिहिले आहे, एवढे वाचा. शंका आली तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत विचारा. अमेरिकेतल्या व्हिडिओला परभणीचा कायदा विचारू नका.