स्कॅन झाला, पण कागद सापडणार कसा?

पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. कोणता कागद कोणाशेजारी बांधलाय, यावरूनच तो कुठल्या खात्यातला, कुठल्या कामाचा, हे जाणत्याला कळतं. स्कॅनरखाली मात्र पान सुटं होतं आणि संगणकात ‘आयएमजी ०४५७’ एवढंच नाव उरतं. रुमालाचा क्रमांक, पत्र कोणाचं, कोणाला, कुठून, कधीचं, ही नोंद सोबत नसेल तर लाखो चित्रांच्या ढिगात तो कागद पुन्हा हरवलाच म्हणायचा. म्हणून स्कॅनिंगइतकाच पैसा आणि वेळ नोंदींसाठी राखला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

ही नोंद कारकुनी काम नव्हे. पेशवाईतल्या पत्रावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं साल असतं. एक, साठ, शंभर आणि हजार हे अरबी आकडे मिळवले की ११६१ हे सुहूर सन येतं. हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे जानेवारीतल्या पत्राला त्यात ६०० मिळवायचे, म्हणजे १७६१, पानिपतचं साल. जूननंतरच्या पत्राला मात्र ५९९. हा हिशेब नोंद करणाऱ्याने एकदा मांडून ठेवला नाही, तर ‘१७६१’ असं शोधणाऱ्याला ते पत्र कधीच दिसणार नाही. रियासतकार सरदेसाई यांनी याच दफ्तरातून निवडून छापलेले ४५ भाग आजही हाताशी येतात, कारण त्यांतल्या कागदांना क्रमांक आणि तारखा लावलेल्या आहेत.

आता यंत्रच मोडी वाचेल, मग माणसं कशाला, असं विचारलं जातं. यंत्राची मदत जरूर घ्यावी. पण मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात, वाचन तपासायला जाणकार लागतोच. आणि पान कोणत्या रुमालातून निघालं, हे पानावर लिहिलेलं नसेल तर यंत्र तरी कुठून सांगणार? दुसरा आक्षेप असा, की प्रती सर्वांना खुल्या केल्या तर गैरवापर होईल. पण ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने तर २०१२पासून आपल्या चित्रांच्या उत्तम प्रती लोकांना मोफत दिल्या. मूळ कुठे आहे हे नोंदीत स्पष्ट असलं, की खोट्या दाव्याची शहानिशा कोणालाही करता येते. दडवलेल्या कागदाबाबत ही सोय नसते. मोठी मूळ फाइल संस्थेने दोन ठिकाणी जपावी, लोकांना हलकी प्रत द्यावी, एवढी व्यवस्था पुरे.

यापुढे एखाद्या संस्थेने ‘इतकी लाख पानं स्कॅन झाली’ असं जाहीर केलं, तर एवढं जरूर विचारा: त्यांतल्या किती पानांची नोंद झाली?