डिझेलचा हिशेब क्रेटमागे ठेवा



बियाण्याची पिशवी घ्यायची तर आपण चार दुकाने फिरतो. खताच्या गोणीमागे दहा-वीस रुपये जास्त पडले तर घरी येऊन दोन दिवस बोलून दाखवतो. बांबू, तार, सुतळी, फवारणी, मजुरी, सगळ्यांचे आकडे आपल्याला तोंडपाठ असतात. पण पिकअपला डिझेल किती लागले असे विचारले, की उत्तर मिळते, "टाकले होते दोन हजारांचे." दोन हजारांचे टाकले हे खरे. पण तेवढ्यात गाडी किती चालली आणि किती माल बाजारात पोचला, हे फार थोड्यांना सांगता येते.

हे सांगता येणे का गरजेचे आहे, ते टोमॅटोवाल्यांना वेगळे सांगायला नको. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटोने किरकोळ बाजारात किलोमागे शंभरी ओलांडली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भाव असे कोसळले, की काही ठिकाणी शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. अशा दिवसांत क्रेटमागे पाच-दहा रुपयांचा फरकसुद्धा तोडणी करावी की पीक सोडून द्यावे, हे ठरवतो. भाव आपल्या हातात नाही. डिझेलचा दरही नाही, कारण ऑक्टोबर २०१४ पासून तो बाजारावर सोपवलेला आहे. पण एका क्रेटमागे किती डिझेल जाळायचे, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

आधी मोजा, मग बोला

"माझी गाडी चौदाचे ॲव्हरेज देते" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मोजून सांगणारे थोडे. मोजण्याची रीत अगदी सोपी आहे. पंपावर टाकी पूर्ण भरा. नळी पहिल्यांदा आपोआप बंद पडली, की थांबा आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. पुढच्या खेपेला त्याच पंपावर पुन्हा तशीच टाकी भरा. आता जेवढे लिटर मावले, तेवढेच मधल्या काळात जळाले. चाललेल्या किलोमीटरला त्या लिटरने भागा. हेच तुमचे खरे ॲव्हरेज.

पाचशेचे, हजाराचे असे तुकड्या-तुकड्याने डिझेल टाकले तर हा हिशेब लागत नाही. शिवाय एका खेपेवरून निष्कर्ष काढू नका. एकाच रस्त्याच्या तीन-चार खेपा मोजा. वहीत पाच रकाने करा: तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये आणि नेलेले क्रेट. ही वही गाडीत ठेवू नका, घरात ठेवा. घरखर्चाची वही जिच्या हातात आहे, त्या कारभारणीच्या हातीच हीही द्या. हिशेब तिथे चोख राहतो.

एक उदाहरण पाहू. नारायणगावहून माळशेज घाटमार्गे वाशीचा बाजार साधारण दीडशे किलोमीटर पडतो. जाऊन-येऊन ३०० किलोमीटर धरा. १.७ टन क्षमतेच्या पिकअपमध्ये प्रत्येकी २० किलोचे ७० क्रेट भरले आणि डिझेल लिटरला ९० रुपये धरले. गाडीचे ॲव्हरेज १० असेल तर ३० लिटर लागतील, म्हणजे २,७०० रुपये. क्रेटमागे साडेअडतीस रुपये. तीच गाडी १२ चे ॲव्हरेज देऊ लागली तर २५ लिटर, म्हणजे २,२५० रुपये. क्रेटमागे बत्तीस रुपये. एका खेपेला ४५० रुपये वाचले. हंगामात ४० खेपा झाल्या तर १८ हजार रुपये घरात राहिले. तुमचे अंतर, गाडी आणि माल वेगळा असेल, पण गणिताची रीत हीच.

चाकाजवळची गळती

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे मळतो. लंगडणाऱ्या बैलाला जुंपत नाही. गाडीला मात्र दसऱ्याला हार घातला, की वर्षभराची काळजी मिटली असे समजतो. प्रत्यक्षात डिझेलची मोठी गळती टाकीतून होत नाही, ती चाकाजवळ होते.

पहिली गोष्ट हवेची. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात चेपतो, तापतो आणि इंजिनाला जास्त ओढावे लागते. चिखलातून बैलगाडी ओढावी तसाच हा प्रकार. पुढच्या आणि मागच्या टायरची हवा वेगळी असते, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचीही वेगळी असू शकते. ते आकडे गाडीच्या पुस्तिकेत असतात, पुष्कळदा दरवाजाच्या चौकटीवरही चिकटवलेले असतात. अंदाजाने किंवा टायरवर लाथ मारून हवा समजत नाही. टायर थंड असताना, निघण्यापूर्वी मोजून घ्या. आठवड्यातून एकदा तरी हे करा. टायर एकाच कडेने झिजत असेल तर चाके सरळ रेषेत नाहीत असे समजा. त्यात टायरही जातो आणि डिझेलही.

दुसरी गोष्ट ब्रेकची. ब्रेक थोडा धरून राहिला तर गाडी चालते, पण कुढत चालते. सपाट रस्त्यावर थोडे अंतर जाऊन थांबल्यावर चारी चाकांजवळ हात न्या, धातूला लावू नका. एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले जाणवले तर ते मेकॅनिकला दाखवा. गॅरेजमध्ये चाक जॅकवर उचलून फिरवले तर दोष लगेच कळतो.

तिसरी गोष्ट हवेच्या फिल्टरची. आपल्या गाड्या शिवाररस्त्याच्या फुफाट्यातून जातात. शहरातल्या गाडीला जे वेळापत्रक चालते ते आपल्याला चालणार नाही. फिल्टर धुळीने कोंडला की इंजिनाचा श्वास कोंडतो, ओढ कमी होते आणि चालक पाय आणखी दाबतो. उन्हाळ्यात आणि सुगीत तो लवकर तपासा, खराब झाला असेल तर बदला. बदलण्याचे पैसे वाचवण्यासाठी फिल्टर काढून गाडी चालवणे म्हणजे इंजिनात माती घालणे होय.

चौथी गोष्ट ताडपत्रीची. फडफडणारी, फुग्यासारखी फुगणारी ताडपत्री वारा अडवते. ती चारी बाजूंनी ताणून बांधा. माल शक्यतो केबिनच्या उंचीपेक्षा फार वर जाऊ देऊ नका. भार हौद्यात सारखा पसरा. उलाळ झालेल्या बैलगाडीचे काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. पिकअपचेही वेगळे नाही. मागे फार भार गेला की पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू हातात राहत नाही.

पायाखालची बचत

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर विरोध चौपट होतो. ताशी ६० ऐवजी ८० ने गेलात तर तो पावणेदोन पटींहून अधिक होतो. इंधनबचतीच्या प्रचारासाठी १९७८ मध्ये स्थापन झालेली पीसीआरए ही सरकारी संस्था वाहनचालकांना ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचा सल्ला देत आली आहे, तो याच कारणाने.

आता कोणी म्हणेल, "साहेब, लिलाव आमच्यासाठी थांबत नाही." बरोबर आहे. पण १०० किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर ६० आणि ८० च्या वेगात फरक पडतो तो २५ मिनिटांचा. ही २५ मिनिटे चालकाने कुठे घालवली ते पाहिले, तर पुष्कळदा ती आपल्याच बांधावर गेलेली असतात. तोडणी उशिरा सुरू झाली, प्रतवारी रेंगाळली, क्रेट मोजायचे राहिले, आणि मग सगळा उशीर चालकाच्या पायावर येऊन पडला. तोडणी अर्धा तास आधी आटोपली, की डिझेल वाचते आणि चालकाचा जीवही घाईत राहत नाही.

गिअरचे सूत्र सोपे आहे. गाडीने वेग घेतला की वरचा गिअर टाका. इंजिन कुढू लागले, गाडी थरथरू लागली की खालचा घ्या. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका. पुढे गर्दी किंवा गतिरोधक दिसला तर आधीच पाय उचला. शेवटपर्यंत दाबून मग करकचून ब्रेक मारला, तर जाळलेले डिझेल ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते.

उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवू नका. पिकअपचे इंजिन नुसते उभे राहून तासाला साधारण अर्धा ते एक लिटर डिझेल पिते. माल भरताना, वजनकाट्याच्या रांगेत, चहाच्या टपरीवर इंजिन बंद करा. एक अपवाद ध्यानात ठेवा. टर्बो असलेली गाडी मोठा चढ चढून आली असेल, तर मिनिटभर सावकाश चालू ठेवूनच बंद करा. टर्बोला थंड व्हायला तेवढा वेळ लागतो.

उतारावर न्यूट्रल नको

माळशेज असो, कसारा असो की दुसरा कुठला घाट, उतार लागला की गाडी न्यूट्रल करणारे चालक आजही दिसतात. डिझेल वाचते अशी त्यांची समजूत असते. ती चुकीची आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटरवरून पाय पूर्ण काढला, की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि डिझेलचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःच्या बळावर चालू राहावे म्हणून डिझेल घेतच राहते. म्हणजे न्यूट्रलमध्ये बचत नाही, उलट खर्च आहे.

आणि हा खर्च नुसता पैशांचा नाही. भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये उतरली, की सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरेनासे होतात. चावी बंद करून उतरणे तर त्याहून घातक, कारण ब्रेक आणि सुकाणूला मिळणारी मदत जाते आणि सुकाणू अडकूनही बसू शकते. घाट उतरताना खालचा गिअर ठेवा. गाडी तुमचा भाऊ चालवत असो की मुलगा, ही गोष्ट त्याला घरातून निघतानाच बजावून सांगा.

अर्धी गाडी आणि लादलेली गाडी

आता सगळ्यांत मोठ्या बचतीकडे येऊ. समजा, तुमचे ३५ क्रेट निघाले आणि शेजाऱ्याचेही ३५ च निघाले. दोघांच्या दोन पिकअप वाशीला निघाल्या. भार निम्मा झाला म्हणून डिझेल निम्मे होत नाही, कारण रिकाम्या गाडीचेच वजन दीड-पावणेदोन टनांच्या घरात असते. हलक्या गाडीने १३ चे ॲव्हरेज दिले असे धरले, तरी दोन गाड्यांना मिळून ४६ लिटर लागले. तेच ७० क्रेट एका नीट राखलेल्या गाडीतून २५ लिटरमध्ये गेले असते. २१ लिटर, म्हणजे जवळपास १,९०० रुपये वाचले असते. दोघांत वाटून प्रत्येकी साडेनऊशे. टायर, ब्रेक आणि वेग सांभाळून जे ४५० रुपये वाचत होते, त्याच्या दुपटीहून हे जास्त आहे, आणि त्यासाठी पान्हा हातात धरावा लागत नाही. बांधावरून हाक मारावी लागते.

हेच परतीच्या फेरीचे. वाशीहून रिकामी गाडी घाट चढते, तेव्हाही डिझेल लागतेच. खत, औषधे, पेंड, रिकामे क्रेट असे गावात कोणाला काय आणायचे आहे, हे निघण्यापूर्वी विचारून ठेवा. भाड्याचा माल घ्यायचा असेल तर गाडीचा परवाना आणि विमा त्यासाठी आहे याची खात्री करून घ्या.

इथे एखादा हुशार गडी म्हणेल, "मग १०० क्रेट लादले तर क्रेटमागे आणखी कमी पडेल." कागदावर तसे दिसते खरे. पण तळाचे क्रेट दबले की माल चिरडतो, पाटे बसतात, टायर फुटतो आणि घाटात ब्रेक पुरे पडत नाहीत. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंड सांगितला आहे. म्हणजे दमडीची कोंबडी आणि रुपयाचा मसाला. भरलेली गाडी फायद्याची, लादलेली गाडी नव्हे.

स्वस्ताईच्या नादी लागू नका

डिझेलच्या नळीला लावायचे लोहचुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या आणि पुड्या विकणारे आठवडी बाजारात येतात. त्यांच्या नादी लागू नका. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्याने पंप आणि इंजेक्टर झिजतात. डिझेलला अंगचे थोडे वंगण असते, रॉकेलला ते नसते.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी सतत गावातल्या गावात, थोड्या अंतरावरच फिरली तर तो कोंडतो. समोर त्याचा दिवा लागला, तर दुर्लक्ष करू नका. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून तो साफ होऊ द्या. दिवा तरीही गेला नाही तर अधिकृत गॅरेज गाठा. फिल्टर कापून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

बंधू-भगिनींनो, हे सगळे एकाच दिवशी करायचे नाही. या आठवड्यात फक्त तीन कामे करा. टाकी पूर्ण भरून किलोमीटर लिहा. चारी टायरची आणि स्टेपनीची हवा मोजून घ्या. आणि पुढच्या तोडणीच्या आदल्या संध्याकाळी शेजाऱ्याला विचारा, "तुझे किती क्रेट निघणार?" चार खेपा झाल्या की वही उघडा, घरातल्या सगळ्यांसमोर बेरीज करा आणि पहिल्या खेपेला क्रेटमागे किती रुपये पडले होते, चौथ्या खेपेला किती, ते ताडून पाहा.