क्षय बरा झाला, मग दम का लागतो?

क्षयाच्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा कोर्स पुरा होतो, थुंकीत जंतू सापडत नाही, तरी कापूस वेचताना अर्ध्या ओळीतच दम लागतो. घरचे म्हणतात, औषध लागूच पडलं नाही, आणि तिचा पेला वेगळा तो वेगळाच राहतो.

होतं असं. क्षयाचा जंतू फुप्फुसात शिरला की शरीराच्या राखणदार पेशी त्याला गिळायला धावतात. पण तो चिवट, गिळला तरी पेशीच्या पोटात जगतो. मग आणखी पेशी जमून त्याच्याभोवती गाठ बांधतात. बहुतेकांच्या अंगात तो तिथंच कोंडून राहतो. जिथं कोंडला जात नाही तिथं लढाई पेटते. पेशी जी जहाल रसायनं सोडतात, त्यांनी आपलंच फुप्फुस विरघळतं. धुरा पेटवावा अन् जाळ आपल्याच पऱ्हाटीत शिरावा, तसं. फुप्फुसात पोकळ्या पडतात.

हे काम जंतूपेक्षा राखणदारांचं जास्त, हे कशावरून? एचआयव्हीमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावते, त्यांच्या एक्स-रेत अशा पोकळ्या कमी दिसतात. म्हणून ते बरे असतात असं नाही हं. त्यांच्या अंगभर जंतू पसरतो. पण बाजारात ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणून पुड्या विकणाऱ्याला हे जरूर ऐकवा.

या लढाईत श्वासनळ्याही सुटत नाहीत. कुठं व्रण आखडून नळी अरुंद होते, कुठं भिंत सैल पडून ती फुगते. कफ वर ढकलणारी आतली बारीक लव झडते. कफ साचतो, त्यात दुसरे जंतू वाढतात, राखणदार पुन्हा धावतात, नळी आणखी बिघडते. क्षय गेला तरी हे चक्र चालू राहू शकतं.

म्हणून खोकला परतला तर थुंकी पुन्हा तपासा. जंतू नसेल तर उरलेल्या जुन्या गोळ्या मनानं घेऊ नका. दम, कफ यांवर वेगळे उपाय आहेत: तोंडानं ओढायचं औषध, कफ काढायचे व्यायाम. आरोग्य केंद्रात स्पष्ट विचारा. चुलीचा धूर अन् बिडी टाळा. थुंकीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि दोन आठवड्यांवर खोकला असेल तर वाट पाहू नका. औषध जितकं लवकर सुरू, तितकी नासाडी कमी. उपचार चालू असताना खुराकासाठी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे १००० झाले.

पेल्याचं म्हणाल तर क्षय हवेतून पसरतो, पेल्यातून नाही.