एक अक्षर बदललं, औषध हरलं

क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन जिवाणूच्या आरएनए पॉलिमरेज या एन्झाइमला चिकटून त्याचं काम बंद पाडतं. पण या एन्झाइमच्या आरपीओबी जनुकात, तीन अक्षरांच्या ४५०व्या गटात (कोडॉनमध्ये) ‘सी’ऐवजी ‘टी’ आला, की सेरीन या अमिनो आम्लाच्या जागी ल्युसीन बसतं आणि औषधाला पकड मिळत नाही. आयसोनायझिड या क्षयरोगावरच्या दुसऱ्या औषधाची गोष्ट वेगळी. जिवाणूचंच कॅटजी एन्झाइम त्याला सक्रिय करतं; ते बिघडलं, की गोळी निरुपयोगी.

हे बदल औषध घडवत नाही. जिवाणूंची संख्या वाढताना ते आपसूक होतात. अपुऱ्या उपचारांत साधे जिवाणू मरतात आणि बदललेल्यांना रान मोकळं मिळतं. म्हणूनच अनेक औषधं एकत्र देतात. थुंकीच्या सीबीनॅट चाचणीत रिफॅम्पिसिनला झालेला प्रतिरोध सुमारे २ तासांत कळतो. बरं वाटलं, म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका.